किनारीची नक्षी आणि घोडीचा नाद



तंतुवाद्यांच्या बाबतीत एक वाद गायक-वादकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तंबोरा किंवा सतार जितकी नटलेली, तितकी ती नादाला उणी, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते, ज्या हाताने किनारीवर एवढी बारीक वेल कोरली तो हात आतल्या कामात हयगय कशी करील? दोन्ही बाजू नक्षीलाच नादाची खूण मानतात, एक वाईट खूण आणि दुसरी चांगली. मला वाटते, नक्षी वाद्याच्या अंगावर नेमकी कुठे बसते आणि ती घडवायला लागणारे दिवस कुठून येतात, हे दोन प्रश्न वेगळे काढले की हा वाद बराचसा मिटतो. नक्षी आपल्या जागी असेल तर ती नादाला धक्का लावत नाही, हे दाखवता येते. नादाचे नुकसान होते ते मजुरीच्या वाटेने, आणि ते नुकसान मोठे आहे. आज या एकाच म्हणण्याचा पाठपुरावा करायचा आहे, आणि त्यासाठी मिरजेच्या तंबोऱ्याइतके जवळचे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

मिरजेत हा धंदा १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उभा राहिला, तो फरीदसाहेब आणि त्यांच्या शिकलगार मंडळींच्या हातून. तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणे हे शिकलगारांचे परंपरेचे काम. लढाया संपल्या, हत्यारांचे काम आटले. इकडे संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत गाणे रुजत होते. गवयांची वाद्ये दुरुस्तीला येऊ लागली आणि दुरुस्ती करता करता त्याच हातांनी नवी वाद्ये घडू लागली. पुढे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, आणि त्यांची कबर तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तंबोऱ्याची दुरुस्ती खाँसाहेब स्वतःच्या हाताने करीत आणि तो जुळवण्याच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक समजून घ्यायचा तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारागिराच्या दारात असे गिऱ्हाईक उभे होते, जे भोपळ्यावरची पाने न पाहता पहिल्यांदा तार छेडत असे आणि मनासारखा झंकार मिळेपर्यंत वाद्य परत देत असे. लाकूड, भोपळा, हत्यारे हे सगळे इतरत्रही मिळते. मिरजेला मिळालेले खरे भांडवल हे ऐकणारे गिऱ्हाईक होते, असे माझे मत आहे.

आता तंबोऱ्याचा नाद कुठे तयार होतो ते पाहू. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या काठच्या शेतांतून. दांडी आणि तबली बहुधा तूनच्या लाकडाची. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली बाकदार लाकडी पाटी. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो, फाजील पातळ झाली तर तारांच्या ताणाने खाली बसते. या दोहोंमधली जाडी कारागीर बोटाने ठोकून, कानाने ठरवतो. पण तंबोऱ्याला तंबोरा करणारी जागा तबलीवरची घोडी आहे. व्हायोलिनच्या घोडीवर तार एका अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद, आणि अगदी सूक्ष्म उताराचा असतो. थरथरणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि प्रत्येक वेळी तिचा टेकण्याचा बिंदू किंचित सरकतो. मध्ये सुताचा धागा घालून हे टेकणे-सुटणे नेमके करता येते. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, त्यात या घोडीचे वैशिष्ट्य मांडले आहे. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तिथे ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, आणि चांगले जोरकस उमटतात. घोडीच्या उतारावरून तारेची शक्ती वरच्या उपस्वरांत पुन्हा पुन्हा वाटली जाते म्हणून हे घडते. कोणी न छेडलेला गंधार जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो, त्याचे रहस्य इथे आहे. घोडीचा हा उतार साधण्याच्या कामाला कारागीर जवारी काढणे म्हणतात. कानशीने आणि पॉलिश कागदाने घोडीचा माथा घासायचा, तार चढवायची, ऐकायचे, उतरवायची, पुन्हा घासायचे. एखादी ओढ जास्त पडली की नाद बसतो आणि सगळा माथा नव्याने काढावा लागतो. काळी एकला बोलणारी जवारी काळी चारला तशीच बोलेल याचा भरवसा नसतो, म्हणून ती त्या गळ्यासाठीच काढावी लागते.

या चित्रात नक्षी कुठे येते? तबलीच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीत, दांडीच्या दोन्ही अंगांना, आणि भोपळा व दांडी जिथे सांधतात त्या गळ्यावरच्या कोरीव पानांत. यांतली कडेची पट्टी पाहा. तबली कडेला भोपळ्याच्या काठावर चिकटवलेली असते. तिथे तिला हलायला वावच नसतो. कंप मोठा असतो तो मध्यभागी, घोडीच्या आसपास. या पट्टीचे सेल्युलॉइड तूनपेक्षा दुपटीहून जड असले तरी जी जागा मुळातच स्थिर आहे तिथे थोडे वजन वाढल्याने नादाचे फारसे काही बिघडत नाही. तेच वजन घोडीच्या भोवती चार बोटांवर आणून ठेवले तर तबली जड होईल आणि आवाज दबेल. जाणत्या कारागिराची नक्षी काठाला धरून राहते आणि तबलीचे पोट मोकळे सोडते, ते यामुळेच. गळ्यावरची पाने तर उघड कामाची आहेत: एक कठीण सांधा ती झाकतात आणि त्याला आधारही देतात. दांडीच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. ती पोकळ असते, तारांचा सगळा ताण पेलते, स्वतः थोडी कंपही पावते. जडावासाठी तिच्यात खोल खाचा घेतल्या तर ती कमजोर होते, आणि वाकलेल्या दांडीवर उत्तम जवारीही टिकत नाही. तीच गोष्ट पॉलिशची. लाखेचा पातळ हात लाकडाचे रक्षण करतो. चकाकीच्या हौसेने चढवलेले जाड थर तबलीची मोकळीक कमी करतात.

जागेचा हा विवेक फक्त आपल्याकडे आहे असे नाही. क्रेमोनाच्या आंतोनियो स्त्रादिवारी या व्हायोलिनकाराने आपल्या दीर्घ कारकिर्दीत मोजकी नक्षीदार वाद्ये केली. १६७९ सालचे ‘हेलियर’ व्हायोलिन त्यांतले एक. त्यावर हस्तिदंताचे बारीक ठिपके आणि चौकटी आहेत, काळ्या लुकणात बसवलेल्या, पण त्या सगळ्या काठाने. वेली आहेत त्या बाजूच्या पट्ट्यांवर आणि वरच्या गुंडाळीवर. पुढच्या पाटीचा मधला भाग त्याच्या साध्या व्हायोलिनइतकाच मोकळा आहे. शिवाय व्हायोलिनच्या काठाने जी तिपदरी रेघ सगळीकडे दिसते ती खरी जडावाचीच आहे, कोरून बसवलेली. काठाला गेलेली चीर आत सरकू नये, हे तिचे काम. शोभेची म्हणून आपण जी गोष्ट पाहतो ती कित्येकदा वाद्याचे आयुष्य वाढवणारी असते, म्हणून ‘सगळी नक्षी खरवडून टाका’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

नक्षीचा आणि नादाचा संबंध किती, याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे कायद्याने आपोआप घडवून आणला आहे. पूर्वी किनारीचा जडाव हस्तिदंताचा होई आणि सतारीची घोडी सांबरशिंगाची. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे त्याच्या दुरुस्त्या आल्या, आणि दोन्ही वस्तू बाजारातून गेल्या. हस्तिदंताच्या जागी सेल्युलॉइड आणि प्लॅस्टिक आले. त्यावर कोरायचे, कोरलेल्या रेघांत काळा-तांबडा रंग भरायचा, वरून खरवडून सपाट करायचे, ही रीत तशीच राहिली. या बदलाने नाद बदलला अशी तक्रार वादकांच्या बोलण्यात येत नाही. जे हळहळतात ते रंगासाठी आणि स्पर्शासाठी. घोडीचे तसे झाले नाही. शिंगाऐवजी उंटाचे हाड, शिसवीसारखी काळी लाकडे, कारखान्यातली कृत्रिम द्रव्ये असे अनेक पर्याय वापरले जातात, आणि कोणत्या घोडीचा आवाज तीक्ष्ण, कोणत्या घोडीची जवारी लवकर झिजते, यावर वादक आणि कारागीर आजही तावातावाने बोलतात. एकाच कायद्याने वाद्याच्या अंगावरच्या दोन वस्तू बदलल्या. एकीची दखल डोळ्यांनी घेतली, दुसरीची कानांनी. नक्षी नादाला मारते म्हणणाऱ्यांनी आणि नक्षी नादाची हमी देते म्हणणाऱ्यांनीही या उदाहरणाकडे पाहावे.

स्पेनमध्ये हाच मुद्दा एका माणसाच्या कामात दिसतो. आधुनिक गिटारचा पाया घालणारा आंतोनियो दे तोरेस हा नक्षीतही कोणाला हार जाणारा नव्हता. सेव्हिलच्या १८५८च्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले ते भरगच्च जडावाच्या गिटारीसाठी. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६२ साली, त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. गिटारीचा आवाज पुढच्या पाटीत आणि तिच्या आतल्या काड्यांच्या रचनेत असतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी या मताला वेगळ्या रीतीने पुष्टी दिली. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा: काही लाकडे दुर्मीळ आणि महाग, काही स्वस्त. ५२ वादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. महाग लाकडाला वादकांनी वरचा क्रमांक दिला नाही. हा प्रयोग जडावाचा नव्हता, लाकडाचा होता, हे खरे. पण डोळ्यांना जे मौल्यवान दिसते त्याला आपण ऐकण्यात किती गुण बहाल करतो, एवढे त्यातून कळते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. संग्रहालयांत जाऊन पाहा, जुनी उत्तम वाद्ये नक्षीदारच असतात, मग पूर्वीचे थोर कारागीर दोन्ही गोष्टी एकत्र साधत होते हे सिद्ध नाही का होत? पॅरिसच्या व्होबोआम घराण्याच्या १७व्या शतकातल्या हस्तिदंत-आबनूसाच्या गिटारी असोत, किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वाद्ये असोत, पाहणाऱ्याचे मन भरून येते. पण संग्रहालयात काय पोहोचते याचाही विचार करावा. जे वाद्य रोज आठ तास मांडीवर असते, मैफलींना प्रवास करते, ज्याची तबली दोनदा बदलते, ते एक दिवस संपते आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या वाद्यात जातात. जे दिवाणखान्यात झाकून ठेवले जाते ते टिकते. नक्षीदार वाद्य झाकून ठेवले जाण्याची शक्यता अधिक. त्यामुळे संग्रहालयाच्या दालनावरून जुन्या कारागिरीचा अंदाज बांधला तर तो नक्षीच्या बाजूने झुकतो. शेकडो साध्या, घामाने काळवंडलेल्या, उत्तम बोलणाऱ्या तंबोऱ्यांनी आपली बाजू मांडायला कोणी मागे ठेवलेच नाही.

दुसरा आक्षेप थोर वादकांचा. पंडित रविशंकरांची सतार दोन भोपळ्यांची, पानाफुलांनी भरलेली. तिच्या नादाविषयी कोण शंका घेईल? बरोबर आहे. त्याच काळात उस्ताद विलायत खाँ यांची सतार त्यामानाने मोजक्या नक्षीची होती, आणि तिच्या नादाविषयीही कोणी शंका घेतली नाही. या दोन सतारींत जो कानाला लागणारा फरक आहे तो खर्जाच्या तारा ठेवण्या-काढण्याचा, तारा लावण्याच्या पद्धतीचा, एकीची जवारी खुली आणि दुसरीची बंदिस्त असण्याचा आहे. बाजारात आज या दोन घडणींच्या सतारी विकल्या जातात तेव्हा नक्षीचा नमुनाही त्यांच्याबरोबर आपोआप येतो, आणि नव्या विद्यार्थ्याला वाटते की तो आवाज त्या नक्षीसकट मिळतो. रविशंकरांची सतार कलकत्त्याच्या नोडू मलिक यांनी घडवली. १९५०च्या दशकात ते रविशंकरांबरोबर तंबोऱ्याच्या साथीला बसत, दौऱ्यांवरही जात. वाद्य घडवणारा माणूस वाद्याजवळ, रोज त्याचा आवाज ऐकत बसलेला होता, ही गोष्ट त्या सतारीच्या नादात तिच्या पानाफुलांपेक्षा कितीतरी जास्त शिरलेली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मैफल ही कानांनी आणि डोळ्यांनी मिळून अनुभवायची गोष्ट आहे. खंडेनवमीला आपण वाद्याची पूजा मांडतो. गवयाच्या मागे दोन देखणे तंबोरे उभे राहिले की सभेला एक गांभीर्य येते. मग शोभेवर केलेला खर्च वाया कसा? २०१३ साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेने दाखवून दिले की संगीत स्पर्धेतला विजेता ओळखायला सांगितले तर लोक ध्वनिमुद्रणापेक्षा आवाज बंद केलेल्या चित्रफितीवरून तो अधिक अचूक ओळखतात, आणि त्यांत स्वतः संगीतज्ञही आले. डोळ्यांची ही सत्ता मी नाकारत नाही. ती एवढी मोठी आहे म्हणूनच मला काळजी वाटते. वाद्याच्या देखणेपणाचा मान ठेवायला हवा, पण ज्या माणसाला तो तंबोरा कानाशी घेऊन पहाटे रियाझ करायचा आहे, त्याच्या गळ्याला दिशा देणारा षड्ज नक्षीतून येत नाही. विद्यार्थ्याचा स्वर घडतो तो त्या नादाच्या संगतीत. बोथट जवारीचा तंबोरा वर्षानुवर्षे ऐकलेला कान सुरेलपणाची एक खालची पायरी गाठून तिथेच थांबतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही.

म्हणून मजुरीकडे वळतो. वाद्यकाराचे दिवस मोजके असतात. पट्टी कापणे, चिकटवणे, कोरणे, रंग भरणे, घासणे, पाने कोरून बसवणे यांत नक्षीदार वाद्याच्या एकूण वेळेचा मोठा हिस्सा जातो. ही मेहनत दिसते. तिचे छायाचित्र निघते. परगावचे किंवा परदेशातले गिऱ्हाईक फोनच्या पडद्यावर ते पाहून जास्त पैसे देते. जवारीचे छायाचित्र निघत नाही. तबलीची नेमकी जाडी, भोपळा किती काळ वाळवला, लाकूड किती मुरले, यांचेही निघत नाही. शिवाय जवारी टिकाऊ नाही. तारांनी घोडीवर खाचा पडतात आणि ती पुन्हा काढावी लागते. जे दिसत नाही आणि टिकतही नाही, त्यासाठी वेगळे पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार होत नाही. ते काम ‘किमतीतच धरलेले’ राहते. मग घरातला तरुण मुलगा काय शिकेल? नक्षीत हात बसायला वर्षे लागतात, पण प्रगती रोज दिसते आणि पैसा लवकर सुरू होतो. जवारीला हाताबरोबर कान तयार करावा लागतो, चांगल्या गवयांच्या सहवासात बसावे लागते, आणि त्याचे मोल कोणी विचारत नाही. शहाणा मुलगा नक्षीकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही. मिरजेतच नव्हे, वीणा करणाऱ्या तंजावरापर्यंत जिथे जिथे वाद्य पाहून घेतले जाते तिथे हा कल असणारच. त्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि आता तर फोनमध्येच तंबोरा असतो. षड्ज-पंचम पेटीतून येऊ लागल्यावर मागे उभा केलेला खरा तंबोरा कित्येक ठिकाणी मंचाच्या शोभेपुरता उरला. शोभेसाठी घेतलेल्या वस्तूत गिऱ्हाईक शोभाच मागणार, आणि कारागीर तीच देणार.

यावर कारागिरांच्या बाजूने एक उत्तर आहे, तेही ऐकले पाहिजे. साध्या तंबोऱ्यावर घर चालत नाही, नक्षीच्या पैशावर चालते. उद्या सगळ्यांनी साधी वाद्ये मागितली तर सतारमेकरांच्या गल्लीत चुली पेटणार नाहीत. हे उत्तर खोटे नाही. नक्षीची मजुरी कमी करा, असे मी म्हणतच नाही. बिलात नक्षीची ओळ वेगळी असते तशी जवारीचीही ओळ वेगळी असावी, आणि ती रक्कम घेणाऱ्याला मान्य करायला लावण्याची जबाबदारी आपण गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांनी उचलावी, एवढेच माझे मागणे आहे. ज्यांचा स्वर ऐकला जातो अशा गायकांनी आपल्या शिष्यांसमोर तंबोरा निवडताना तो वाजवून, घोडीवर बोट ठेवून, सूत मागेपुढे करून निवडावा. संगीत विद्यालयांनी वाद्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या पैशात दर वर्षी जवारी काढण्याचे पैसे स्वतंत्र धरावेत. एवढ्याने जवारीच्या कामाला दर मिळेल, आणि दर मिळाला की शिकणारा मिळेल.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. असे मानांकन नाव, ठिकाण आणि घडणीची रीत यांना संरक्षण देते. समोरच्या एका तंबोऱ्याचा झंकार कसा आहे हे ते सांगू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण ज्या कारागिरांनी ते मिळवले त्यांनी याच मानाच्या बळावर एक पाऊल पुढे टाकावे. प्रत्येक वाद्याबरोबर एक साधा कागद द्यावा. भोपळा कोणत्या हंगामाचा, तबलीचे लाकूड कोणते आणि किती वर्षे मुरलेले, घोडी कशाची, जवारी कोणत्या पट्टीसाठी काढली आणि कोणत्या कारागिराने काढली, हे त्यावर लिहिलेले असावे. वेल कोणी कोरली तेही लिहावे. आज वाद्यावर दुकानाचे नाव असते. जवारी काढणाऱ्याचे नाव कुठेच नसते. ते नाव कागदावर आले, तर चार वर्षांनी घोडी झिजल्यावर तंबोरा त्याच हाताकडे परत जाईल, आणि त्या माणसाला त्या कामाचे पैसे वेगळे मागता येतील.